नाव बदललं, हाक राहिली

२२ ऑक्टोबर २०११ या दिवशी साताऱ्यात एक मोठं बारसं झालं. पाळण्यात मात्र कुणी नव्हतं. समोर बसलेल्या २८५ मुली चालत्याबोलत्या होत्या, काही तर दहावीच्या वयाच्या. तोवर त्या सगळ्यांचं नाव जवळपास एकच होतं: नकुशी, नकुसा, नकोशी. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकारानं गावोगाव चौकशी करून या मुलींची यादी झाली होती. त्या दिवशी प्रत्येकीला फुलं मिळाली आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं, त्यामुळे ते नाव निवडणारी मुलगी मला विशेष जवळची वाटते. त्याच वर्षीच्या जनगणनेचे पहिले आकडे आले तेव्हा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८८१ मुली होत्या.

वाईट नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आधीची दोन-तीन मुलं दगावली की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा म्हणायचं. दृष्ट लागू नये, काळानं तिकडे ढुंकूनही पाहू नये, पोर पदरात राहावं, एवढीच त्यामागची धडपड. नकुशी हे नाव त्याच रीतीतलं, पण हेतू उलटा. हिच्या पाठीवर पुन्हा मुलगी नको, मुलगा यावा, म्हणून हिला ‘नको’ म्हणायचं. मोठेपणी दगडूला कळतं की आपण नवसाचे होतो, आपल्याला राखण्यासाठी हे नाव दिलं. नकुशीला काय कळतं?

साधा हिशेब करून पाहा. घरात, अंगणात, शाळेत, पाणवठ्यावर दिवसाला वीस हाका धरल्या तरी पंधराव्या वर्षापर्यंत त्या मुलीला लाखाहून जास्त वेळा कुणीतरी ‘नकोशी’ म्हटलेलं असतं. त्यातल्या बहुतेक हाका रागाच्या नसतात, कितीतरी मायेच्याही असतात. ‘नकुशे, जेवायला ये.’ म्हणूनच हा घाव ओळखायला अवघड जातो. रक्त नाही, वळ नाही, कुणी खलनायक नाही. आणि प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही चुलतीच्या, आजीच्या, शेजारणीच्या जिभेवर जुनीच हाक राहते. कागद एका दिवसात बदलतो, जीभ बदलायला वर्षं लागतात. त्या जिभेवरची हाक जिच्या कानात मुरलेली असते, तिला तर त्याहून जास्त.

लहानपणी बसलेला असा घाव मोठेपणी कुठे जातो आणि तो भरून यायला काय लागतं, हे पाहत मी सातारा-सांगलीच्या मुलखात बरीच वर्षं फिरतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. विसरण्यानं हे भरत नाही. एकदा मनमोकळं रडण्यानंही भरत नाही. वेगळ्या सुरात, रोज, न थकता हाक मारणारं एखादं माणूस लागतं. उपचारांचं शास्त्र त्या माणसाला बळ देतं, दिशा देतं, पण त्याच्या जागी बसू शकत नाही.

आपल्या भागात या अवस्थेला एक शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे: धसका. ‘पोरानं धसका घेतलाय.’ भीती येते आणि जाते. धसका मात्र ‘घेतला’ जातो, आत उतरतो आणि राहतो. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला माहीत असावं की ही गोष्ट विचारांची कमी आणि शरीराची जास्त आहे. धसका घेतलेलं पोर झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करतं, जेवत नाही, उगाच पोट धरून बसतं. घरचे मीठ-मोहऱ्या ओवाळतात, अंगारा लावतात. मेंदूचे अभ्यासक तेच वेगळ्या भाषेत सांगतात. धोक्याची सूचना देणारी यंत्रणा लहानपणी पुन्हा पुन्हा वाजवली गेली की ती पुढं जरा जरा गोष्टीवर वाजत राहते आणि धोका टळला आहे ही खबर तिच्यापर्यंत पोचतच नाही.

तासगाव तालुक्यातले एक शिक्षक माझे स्नेही आहेत. वडील द्राक्षबागेत राबणारे, दिवसा सोन्यासारखा माणूस. संध्याकाळी गुत्त्यावरून यायचे. घरातल्या सगळ्यांचे कान तेव्हा त्यांच्या चपलांकडे असत. दोन्ही चपला सरळ वाजल्या तर आज बरं आहे. एक चप्पल फरफटत आली की आई कालवणाचं पातेलं चुलीवरून उतरवून कोपऱ्यात सरकवायची आणि थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन गोठ्यात जायची. माझे हे स्नेही तेव्हा आठ वर्षांचे. त्यांचं काम एकच, कान लावून बसायचं आणि आधी सांगायचं. आज त्यांनी चाळिशी ओलांडली आहे, स्वतःचं पक्कं घर आहे, वर्गावर उत्तम हुकमत आहे. तरी शाळेच्या व्हरांड्यात शिपायाची चप्पल फरफटली की फळ्यावरचा खडू थांबतो. ते म्हणतात, ‘मला कळतं की तो शिपाई आहे. पाठीतल्या घामाला कळत नाही.’ या वाक्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

धसक्याचेही प्रकार आहेत. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. त्या वेळी सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज पासष्टीला आली आहेत, आणि पाटण खोऱ्यात अजूनही भांडी किणकिणली की आधी दाराकडे पाहणारी माणसं भेटतात. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त भाविक गेले. ८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी बोट उलटली आणि गावानं आपली माणसं डोळ्यांदेखत बुडताना पाहिली. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावावर डोंगर आला. या साऱ्यांत मुलं होती, वाचलेली आणि पाहणारी.

पण या घावांना एक आधार असतो. सगळ्या गावानं तो एकत्र सोसलेला असतो. लाज वाटण्याचं कारण नसतं. मंत्री येतात, पंचनामा होतो, छावणीत शेजारी शेजारी झोपता येतं, पुढं कितीतरी वर्षं ‘पुराच्या साली’ म्हणून बोलता येतं. घरातल्या पुराचा पंचनामा होत नाही. रोज रात्री मार खाणाऱ्या आईकडे पाहणारं मूल, ओळखीच्या माणसानं अंगाला हात लावलेली मुलगी, यांचा घाव एकट्याचा असतो आणि त्यावर गप्प राहण्याची शपथ असते. केंद्र सरकारनं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला, आणि अत्याचार करणारे बहुतेकदा ओळखीचे, विश्वासातले होते. पॉक्सो कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, २०१२ साली आला. एकदाच कोसळणाऱ्या आपत्तीपेक्षा रोजची, घरातली, न बोलता येणारी गोष्ट माणसाला जास्त पोखरते, यावर आता अभ्यासकांचंही फारसं दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली. तिनं दीर्घकाळच्या आघातातून येणाऱ्या गुंतागुंतीच्या विकाराला वेगळी जागा दिली. त्याची लक्षणं वाचताना मला नकुशीच आठवते: भावना आवरता न येणं, माणसांजवळ जाणं न जमणं, आणि आपण मुळातच कमअस्सल आहोत अशी पक्की खात्री.

अशा घावांचा परिणाम मोजण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेतला. सॅन डिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावरचं उपचार केंद्र चालवत होते. वजन उत्तम उतरत असलेले लोकच उपचार सोडून जात, हे त्यांना कोडं पडलं. खोलात विचारलं तेव्हा लहानपणच्या अत्याचारांच्या कहाण्या निघाल्या. लठ्ठपणा हा अनेकांसाठी आजार कमी आणि चिलखत जास्त होता. मग रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी १७ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. हृदयविकार आणि कर्करोगही वाढलेले दिसले.

या अभ्यासाचं मोल मी कमी करत नाही. पण त्याची प्रश्नावली जशीच्या तशी उचलून आपल्याकडे वाटणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या पाहणीतले लोक बहुतांश गोरे, विमा असलेले, मध्यमवर्गीय होते. जातीवरून वर्गाबाहेर बसवलेलं मूल, ऊसतोडीच्या फडात थंडीत पाचटावर झोपलेलं मूल, आपल्या ताटात भाकरी आणि भावाच्या ताटात दूध पाहत वाढलेली मुलगी, यांच्यासाठी त्या प्रश्नांत रकाना नव्हता. दुसरं, हा आकडा समाजाचं आरोग्य मोजण्यासाठी आहे. एका माणसाचं भविष्य सांगायला तो वापरू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२०मध्ये लिहिलं. तीच पत्रिका, तेच शनीचे फेरे, फक्त इंग्रजी नावानं पुन्हा घरात यायला नकोत.

मला त्याहून जवळचा वाटतो तो हवाई बेटांपैकी कौआईचा अभ्यास. एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, व्यसनी किंवा आजारी आईबाप, मोडकी घरं अशा सगळ्या अडचणी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही सक्षम, प्रेमळ माणसं झाली. का? त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. ते आईबापच असावं असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, मास्तर, कुणीही. याहून दिलासा देणारी गोष्ट पुढं निघाली. तरुणपणी वाया गेल्यासारखी वाटलेली कितीतरी मुलं तिशी-चाळिशीत सावरली. कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणी पुन्हा शिकलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला श्रद्धेचा आधार मिळाला. दार विसाव्या वर्षी बंद होत नाही.

आजी म्हटलं की मला विटा-खानापूर-आटपाडीचा दुष्काळी पट्टा दिसतो. तिथली घरंच्या घरं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली. जावळी-पाटणची माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीत गेली, अपशिंग्यासारख्या गावांनी फौजेत पिढ्या दिल्या. मागं राहिलेली पोरं आजीनं वाढवली. बाप म्हणजे वर्षाकाठी येणारी ट्रंक. या मुलांना काही टोचलं नाही असं कोण म्हणेल? पण ज्या घरात आजी खमकी आणि मायाळू होती तिथली मुलं उभी राहिलेली मी पाहिली आहेत, आणि जिथं आजीही थकलेली, कावलेली होती तिथली भरकटलेलीही.

या मुलखात कौआईच्या तीसेक वर्षं आधी हीच गोष्ट कृतीत आलेली होती, शास्त्राचं नाव न घेता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. त्यांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राहिलं नाही. आपण ही गोष्ट शिक्षणाची आणि त्यागाची म्हणून सांगतो. मला ती उपचाराचीही वाटते. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानत त्या मुलाला इथं रोज वेळेवर भाकरी मिळत होती, अंगावर काम होतं, आणि ‘जेवलास का’ विचारणारी एक बाई होती. आज आघातावरच्या उपचारांची पुस्तकं सुरक्षितता, नेमाचा दिनक्रम आणि आपल्या हातून काही होतं हा अनुभव यांवर पानंच्या पानं खर्च करतात.

वसतिगृह म्हटलं की दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ साली वाळवा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलींवरचे अत्याचार पोलिसांना आलेल्या निनावी पत्रातून उघडकीस आले. आसरा म्हणून जिथं पाठवलं तिथंच घाव बसला, तर त्या मुलीनं पुढं कुणावर विसंबायचं? म्हणून ‘भरवशाचं माणूस’ हे शब्द सैल वापरून चालत नाहीत. त्या माणसावर नजर ठेवणारी, मुलाचं ऐकून घेणारी दुसरी चार माणसं आणि हाताशी कायदा, असं सगळं मिळून भरवसा तयार होतो.

सांगलीत या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे, आणि तो आपल्या सोयीच्या समजुतींना धक्का देतो. मीना शेषू यांनी १९९२ साली सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू केलं. त्यातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हँप’, ही धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. या बायकांच्या मुलांनी ‘मित्रा’ नावानं आपला गट केला आणि सीमाभागात निपाणीला या मुलांसाठी वसतिगृह चालवलं जातं. बाहेरच्या माणसाला वाटतं, या मुलांचा घाव म्हणजे आईचा धंदा, मुलाला आईपासून सोडवलं की झालं. मुलं आणि आया वेगळं सांगतात. आई घरी माया करते. घाव बसतो तो शाळेत बापाचं नाव विचारून वर्ग हसतो तेव्हा, छाप्यात आईला केसाला धरून गाडीत घातलेलं दिसतं तेव्हा. इथं मूल बरं करायचं तर आधी शाळा आणि पोलीस ठाणं सुधारावं लागतं. याच पट्ट्यात केसांत जट आली म्हणून सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेल्या मुलींच्या पिढ्या होऊन गेल्या. कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५च्या कायद्यानं देवदासी प्रथा बंद केली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही घरोघर जाऊन, तासन्‌तास समजूत काढून जटा सोडवतात. जट कापायला थोडा वेळ पुरतो. आधीची समजूत महिनोन्‌महिने चालते, आणि खरा उपचार त्या महिन्यांत होत असतो.

समितीचं नाव निघालं की साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आलेच. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या कामातला एक भाग लोकांना कमी माहीत आहे: साताऱ्याचं ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र. त्यांचे चिरंजीव मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर ते काम पुढं नेत आहेत. आपल्याकडे बालपणच्या आघातांचा सगळ्यात मोठा कारखाना दारू आहे, हे मी बिनदिक्कत म्हणतो. म्हणून बापाची दारू सोडवणं हा मुलावरचा उपचार आहे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. बाप शुद्धीवर आला तरी घरातले कान चपलांकडेच असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, ते याच जाणिवेतून. मुलांसाठी असं काही मात्र तालुक्याच्या गावात सहसा दिसत नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खुपते.

अंगात येण्याबद्दलही विवेकवादी मंडळींशी बोलताना मी एक आग्रह धरतो. मांढरदेवीला, मिरजेच्या दर्ग्यावर घुमणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. जी बाई घरात तोंडातून शब्द काढत नाही ती तिथं सासऱ्याला शिव्या घालते, लहानपणी कुणी काय केलं ते ओरडून सांगते, आणि सगळे हात जोडून ऐकतात. देवीच्या नावानं का होईना, तिला बोलायला मिळतं. फसवणाऱ्या बाबाला तुरुंगात घाला, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. पण तिचं घुमणं बंद पाडताना तिच्या बोलण्यासाठी दुसरी जागा केली नाही, तर आपण तिचं तोंड पुन्हा बांधतो.

बोलण्याची एक जागा या मातीनं स्वतःच केली: आत्मकथन. फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० सालचं. आटपाडीच्या शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ त्याच काळातलं. आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. घरातल्या छोट्या दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवत त्या लिहीत राहिल्या. वह्या वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या. फलटणला शाळा काढणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे ते लेखन बाहेर आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तक झालं. शीर्षकातलं ‘आमुचं’ नीट वाचा. त्यांनी वस्तीचं दुःख लिहिलं. स्वतःला नवऱ्यानं मारल्याचं त्या पुस्तकात बहुतेक आणलंच नाही, ते खूप पुढं एका मुलाखतीत सांगितलं. काय सांगायचं, कधी सांगायचं आणि कुणाच्या नावानं सांगायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ सालीच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मनातला घाव चार दिवस थोडा थोडा लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांचं दवाखान्यात जाणं पुढच्या महिन्यांत कमी झाल्याचं दाखवलं. बेबीताईंनी चार दिवस नाही, कितीतरी वर्षं लिहिलं.

सांगण्याचा वेळ आपल्या हाती असणं फार महत्त्वाचं आहे. मोठ्या आपत्तीनंतर लगेच लोकांना बसवून ‘काय पाहिलंत ते सगळं सांगा’ म्हणणाऱ्या एकाच बैठकीचा उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. आधी कोरडे कपडे, जेवण, आपल्या माणसाचा ठावठिकाणा. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून शिकवलं, तेव्हा पहिला आधार शाळेच्या घंटेचा होता. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली बरं होण्याची ही चढण तीन टप्प्यांत मांडली: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. क्रम उलटा केला की माणूस कोसळतो.

उपचार आहेत, आणि ते चालतात. मुलांसाठी आघातकेंद्री वर्तनोपचार सर्वांत जास्त तपासलेला आहे. त्यात मूल आधी शरीर शांत करायला शिकतं, मग गोष्ट थोडी थोडी सांगतं, आणि शेवटी ती आपल्या भरवशाच्या मोठ्या माणसासमोर वाचतं. डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारी ईएमडीआर पद्धत फ्रान्सीन शपिरो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस काढली. ती का चालते यावर वाद आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या मार्गदर्शिकेत दोन्हींची शिफारस केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती अस्सल मराठीत लोकांपर्यंत पोचवली, तेही मोठं काम आहे. जिथं नैराश्य खोल आहे तिथं औषधं घ्यावीत, लाजू नये.

अडचण पोचण्याची आहे. राज्याची मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. सातारा-सांगलीत एकही नाही. म्हणूनच ‘येरवड्याला पाठवायचं’ ही आपल्याकडे शिवी झाली. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय इथं सोय आहे. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची फोनसेवा आहे. मुलांसाठी १०९८ आहे. पण जतच्या पूर्व भागातली बाई दर आठवड्याला मिरजेला कशी येईल? मजुरी बुडवून, सासूला काय सांगून? माझी आशा म्हणून आशाताईंवर आहे. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली आज्यांना शिकवून लोकांचं मन ऐकून घ्यायला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं साध्या शिकलेल्या माणसांकडून समुपदेशन होऊ शकतं हे चाचण्यांनिशी दाखवलं. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पानं गावातलीच माणसं तयार केली. आशाताई घराघरांत जातेच. तिच्या वहीत लसीचा, लोहाच्या गोळीचा रकाना आहे. मनाविषयीच्या एका साध्या प्रश्नाचा रकाना वाढवता येईल, आणि त्या कामाचे पैसेही तिला द्यावे लागतील. फुकटच्या मायेवर आपण बायकांना आधीच खूप राबवलं आहे.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: ज्यानं मारलं त्याला माफ केल्याशिवाय बरं होता येतं का? येतं. माफी ही आतून आली तर आली, ती उपचाराची अट नाही. बाहेरची पुस्तकं सांगतात, त्या माणसापासून लांब राहा. आपल्याकडे ते कुठून जमायचं? सातबारा एक, चूल एक, आणि ज्यानं मारलं तोच आता अर्धांगवायूनं पडवीत झोपलेला. त्याला कूस बदलून द्यावी लागते. अशा घरात लांब राहणं म्हणजे काय, याचं उत्तर इथल्याच माणसांनी शोधलं आहे. कुणी औषधपाणी करतं पण गप्पा मारत नाही, कुणी नातवाला त्याच्या खाटेपाशी एकटं सोडत नाही, कुणी एके दिवशी समोर बसून ‘तुम्ही मला फार मारलंत’ एवढं एकच वाक्य बोलतं आणि उठतं.

माझ्या शिक्षक स्नेह्यांनी ते वाक्य बोलून तीन वर्षं झाली. वडील त्यावर काही बोलले नाहीत, नुसतं भिंतीकडे तोंड केलं. त्याआधी दोन वर्षं माझे स्नेही महिन्यातून दोनदा मिरजेला एका डॉक्टरांकडे जात होते. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर चपलांची गोष्ट बायकोला सांगितली. मागच्या पावसाळ्यात मी त्यांच्यासोबत संध्याकाळी घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मोटरसायकल बंद केली आणि घर अजून पन्नास पावलांवर असताना लेकीच्या नावानं मोठ्यानं हाक मारली. मी पाहतच राहिलो. ‘रोजच मारतो,’ ते म्हणाले. ‘आपला बाप कसा येतोय ते तिला लांबूनच कळू दे.’ नऊ वर्षांची पोर ओल्या फरशीवरून घसरत दाराशी आली. पडवीतून म्हाताऱ्यानं विचारलं, ‘कोण आलं?’

‘मी आलोय, आप्पा,’ ते म्हणाले, आणि चपला काढून ओळीत ठेवल्या.